माझे एक्कावन्न टक्के

कोणतीही वस्तू कागदावर कोणाची आणि खरी कोणाची, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तिला हात न लावणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो आमच्या कंपनीचा सेक्रेटरी होता. सेक्रेटरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे साहेबाची पत्रं टाइप करणारं कोणीतरी येतं. हे तसले सेक्रेटरी नव्हेत. कंपनी काढली की कायद्यानं ज्या सभा भरवाव्या लागतात, त्यांचे जे वृत्तान्त लिहावे लागतात आणि सरकारकडे जे गाडाभर फॉर्म पाठवावे लागतात, ते सगळं निस्तरणारे हे गृहस्थ. कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं आणि वर्षातून चार-पाच वेळा ते कात्रजला आमच्या कारखान्यात यायचे. कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. दुधाच्या टाक्यांच्या झाकणांना आणि पाइपांच्या जोडांना ज्या रबरी रिंगा लागतात, त्या आम्ही बनवतो. बावीस माणसं, रबर साच्यात दाबणारे चार प्रेस आणि दिवसभर तापल्या रबराचा वास. पहिल्या दिवशी भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, त्यांच्यापुढे चहा ठेवला, तर कपाला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "हा कंपनीचा की तुमचा?" भाऊजी हसले. ते हसले नाहीत. कंपनीचा आहे असं कळल्यावर ते तो प्यायले आणि साखर जास्त झाल्याचं कंपनीला कळवा म्हणाले.

घरातही त्यांचा हाच खाक्या. राहता फ्लॅट त्यांच्या पत्नीच्या नावावर होता. काकू शाळेत शिक्षिका होत्या, कर्ज त्यांच्या पगारावर निघालं आणि हप्तेही त्यांनीच फेडले. त्यामुळे "घर तुमचंच ना?" असं कोणी विचारलं की सेक्रेटरीसाहेब शांतपणे म्हणायचे, "नाही. मी तिथं राहतो." स्कूटरही काकूंच्याच नावावर. रोज सकाळी किल्लीला हात लावण्यापूर्वी ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून गाडी नेऊ का म्हणून विचारत. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी एकदाही नाही म्हटलं नव्हतं, पण विचारल्याशिवाय नेलेलीही त्यांना चालत नसे, हे मला काकूंनीच सांगितलं. एकदा स्वारगेटच्या चौकात पोलिसानं त्यांना अडवलं. गाडी तुमची का, असं त्यानं सवयीनं विचारलं. दुसरा कोणीही हो म्हणून मोकळा झाला असता. हे म्हणाले, नाही, एका बाईंची आहे. मग काय, गाडी बाजूला घ्या, कागद दाखवा, बाई कोण, सगळं रामायण झालं. शेवटी पोलिसानं काकूंना फोन लावला. काकू पलीकडून म्हणाल्या, "हो, माझीच आहे. मी दिलीय त्यांना. पण सहा वाजेपर्यंतच दिलीय, तेव्हा तुमचं लवकर आटपा." पोलिसानं मुकाट्यानं किल्ली परत केली.

त्यांच्या सोसायटीत एक तांबडं कुत्रं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई त्याला पोळी घालत, म्हणून ते त्यांचंच असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि त्याच्या इंजेक्शनांचा खर्च बाईंनी करावा असा विषय वार्षिक सभेत निघाला. सेक्रेटरीसाहेब एरवी सोसायटीच्या सभेत तोंड उघडत नसत. त्या दिवशी ते उठले आणि म्हणाले की खायला कोण घालतं याला फारसा अर्थ नाही, ते राखण कोणाची करतं ते बघा. आता ते कुत्रं झोपायचं अध्यक्षांच्या मोटारीखाली, आणि त्या मोटारीजवळून कोणी गेलं तरी भुंकायचं. लाभ अध्यक्षांना होतो, तेव्हा कुत्रं अध्यक्षांचं, असा त्यांनी निकाल दिला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत, पण इंजेक्शनं त्यांनी दिली.

इतपत चाललं असतं तर आम्ही त्यांना एक वल्ली म्हणून सोडून दिलं असतं. पण काही वर्षांपूर्वी सरकारलाही त्यांचाच छंद जडला. कंपनीचे शेअर कोणाच्या नावावर आहेत एवढं सांगून आता भागेना. त्यांचा फायदा खरोखर कोण घेतो, हुकूम कोणाचा चालतो, तेही जाहीर करायचं. एका कंपनीची मालक दुसरी कंपनी असेल, तर दुसरीचा मालक कोण, तिचा कोण, असं करत करत शेवटी माणूस सापडेपर्यंत वर चढायचं. पुण्यातल्या छोट्या-मोठ्या धंदेवाल्यांत त्या नियमानं बरीच पळापळ झाली. कारण आपल्याकडे कंपनी काढताना नाव कोणाचं घालायचं हा प्रश्न मंगल कार्यालयात आहेर कोणाच्या हातून द्यायचा इतक्याच सहजपणे सोडवलेला असतो. जो मोकळा असेल, ज्याची सही चटकन मिळेल, त्याचं नाव. मेहुणा, मावशी, जुना कारकून, कोणीही. सेक्रेटरीसाहेबांना मात्र हा नियम म्हणजे पर्वणी होती. ते मोठा कागद पसरत, प्रत्येक कंपनीचा एक चौकोन काढत, आणि चौकोनाला चौकोन जोडत वर सरकत. "शेवटी वर हाडामांसाचा माणूस लागतो," असं पेन्सिल कागदावर आपटून सांगत.

स्वारगेटजवळच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या पाच कंपन्यांचा असा कागद करताना त्यांना तीन दिवस लागले. पाचही कंपन्या एकमेकींच्या मालक होत्या. बाण फिरून फिरून पहिल्याच चौकोनाशी येत होते. तिसऱ्या दिवशी एक बारीक बाण बाहेर जाताना सापडला, तो गेला थेट साताऱ्याला, व्यापाऱ्याच्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंकडे. कधीतरी रेशन कार्डाचं काम म्हणून त्यांची सही घेतलेली. सेक्रेटरीसाहेब नियमाप्रमाणे त्यांना विचारायला स्वतः साताऱ्याला गेले. आपण पाच कंपन्यांच्या मालकीण आहोत हे कळल्यावर म्हातारीनं बराच विचार केला आणि विचारलं, "मग दवाखान्यात जायला मला रिक्षा का करावी लागते?" हा प्रश्न त्यांनी परत आल्यावर जावईबापूंना जसाच्या तसा कळवला. जावयानं सासूला गाडी पाठवायला सुरुवात केली आणि सेक्रेटरी बदलला. असे आणखी दोन-तीन अशील त्यांना सोडून गेले, कमी प्रश्न विचारणाऱ्यांकडे. त्याचं त्यांना वाईट वाटत असावं, पण बोलून दाखवत नसत.

कामाची पद्धत तर अशी की नवख्या माणसाला घाम फुटावा. सह्या घ्यायचे कागद सगळीकडे पेन्सिलीच्या फुल्या मारून येतात. फुली दिसली की सही करायची, वाचायची भानगड नाही. ह्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक खोडरबर असे. दुसऱ्या कोणाकडून फुल्या मारलेला कागद आला की आधी त्या खोडून काढत आणि मग आपल्यापुढे ठेवत. सही कुठे करू म्हणून विचारलं तर म्हणत, "शोधा. शोधताना वाचलं जातं." आणि सभा! आमच्यासारख्या घरगुती कंपन्यांच्या सभा कधी भरतच नाहीत, त्यांचे वृत्तान्त मागच्या वर्षीचे तारखा बदलून उतरवतात, हे जगजाहीर आहे. आमच्या कंपनीत सभासद दोन, भाऊजी आणि मी, दोघं एकाच घरातले. तरी हे आम्हाला समोरासमोर बसवत, घड्याळ बघत, आणि सभा सुरू झाली असं म्हणत. त्या क्षणापासून मी भाऊजींची वहिनी राहत नसे, सेक्रेटरीसाहेब मला "सभासद" म्हणत. मध्येच चहा आला तर सभा तहकूब. मी एकदा सभेत पंखा आवाज करतो म्हटलं, तर पुढच्या वेळी वाचून दाखवलेल्या वृत्तान्तात ते होतं, आणि पंखा दुरुस्त झाला का, असं त्यांनी भाऊजींना विचारलंही. आम्ही दोघं पुढे आठ दिवस त्यांची नक्कल करून हसत होतो. आज त्याची लाज वाटते.

आता मी सभासद कशी झाले ते सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. कारखान्याची कल्पना माझ्या यजमानांची. पण ते सरकारी नोकरीत, धंदा करायला बंदी. म्हणून पुष्कळ घरांत होतं तेच झालं. "सौ.च्या नावावर टाकू," असं ठरलं. एक्कावन्न टक्के शेअर माझ्या नावावर आणि एकोणपन्नास भाऊजींच्या. मी तेव्हा पोळ्या लाटत होते, हात धुऊन येऊन सही केली. कारखाना भाऊजींनी उभा केला, घाम त्यांनी गाळला, यात तिळमात्र खोटं नाही. मुलं मोठी झाल्यावर मीही जायला लागले, आधी डबा द्यायला, मग पत्रव्यवहार बघायला, मग नमुने तपासायला. कोणी विचारलं तर "मी आपली मदत करते" असं सांगायचे. सहा वर्षांपूर्वी यजमान गेले. त्यानंतरही तेच सांगत राहिले.

मग चाकणच्या एका मोठ्या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. त्यांना आमच्या रिंगा पसंत होत्या. काम एवढं मोठं की दोन नवे प्रेस घ्यावे लागले असते. त्यांची मुख्य कंपनी परदेशातली, त्यामुळे एक अट होती: तुमच्या कंपनीचा खरा मालक कोण, ते नियमाप्रमाणे जाहीर केलेलं हवं, आणि त्यात खोट निघाली तर काम रद्द. भाऊजी सरळ माणूस. त्यांनी विचार केला की कारखाना आपण चालवतो, वहिनींचं नाव दादानं अडचणीपोटी घातलेलं, तर खरं तेच लिहावं. तसा एक फॉर्म असतो. ज्याच्या नावावर शेअर आहेत त्यानं लिहून द्यायचं की हे माझ्याकडे नावापुरते आहेत, खरे अमक्याचे. भाऊजींनी ओळखीच्या एका सल्लागाराकडून तो भरून आणला. तीन फुल्या मारलेल्या होत्या. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मीही पेन काढलं. मला वाटलं, खरंच तर आहे.

सेक्रेटरीसाहेबांनी कागद पाहिला, खोडरबर काढलं, फुल्या खोडल्या आणि भाऊजींना म्हणाले, तुम्ही जरा बाहेर बसा, ही चौकशी सही करणाऱ्याची एकट्याची करायची असते. भाऊजी गेले. मग मला कागद देऊन ते खिडकीबाहेर बघत बसले. मी वाचायला लागले. वाचता वाचता एका ओळीशी आले: या शेअरांमध्ये माझा कसलाही हितसंबंध नाही. त्या ओळीवर मी किती वेळ होते, मला सांगता येणार नाही. बाहेर प्रेस चालले होते. कोणता प्रेस कोणता हे मला आवाजावरून कळतं. तिसऱ्याचा झडपेशी फुसफुसणारा आवाज त्या दिवशी जरा जास्त होता, आणि माझ्या मनात आलं की उद्या माणूस बोलवायला हवा. मी विचारलं, "मी काय करू?"

"मी सेक्रेटरी आहे. तुमचा भाऊ नाही," ते खिडकीकडे बघतच म्हणाले.

राग आला. पण रागावल्यामुळेच असेल, तोंडातून निघून गेलं की ही ओळ खोटी आहे. ते वळले. "मग ते मला नका सांगू, त्यांना सांगा," म्हणाले आणि दार उघडून त्यांनी भाऊजींना आत बोलावलं.

मी सांगितलं. भाऊजींचा चेहरा असा पडला की माझेच डोळे भरून आले. ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, मग इतकी वर्षं मी कोणाची नोकरी केली?" त्या क्षणी मला वाटलं, मरो ते टक्के, सही करून टाकावी. घर राहिलं पाहिजे. कारखान्यापायी दोन भावांचे संसार कायमचे दुरावलेले मी आमच्याच रस्त्यावर पाहिले होते.

सेक्रेटरीसाहेबांनी आपल्या पिशवीतून सभांच्या वृत्तान्ताचं जाडं पुस्तक काढलं, चष्मा बदलला आणि बराच वेळ पानं उलटत राहिले. मग कोणाकडेही न बघता वाचायला लागले. जुनी सभा होती, यजमान हयात असतानाची. विषय होता स्वस्त रबराचा. एका मोठ्या कामासाठी जुनं, पुन्हा वितळवलेलं रबर थोडं मिसळावं, असा भाऊजींचा ठराव. मी तो प्रसंग पार विसरून गेले होते. ते आपल्या सपाट आवाजात वाचत होते: "सभासद बाईंनी सभेपुढे स्टीलच्या पेल्यात दूध ठेवले. सदर दुधात प्रस्तावित रबराची एक रिंग सकाळपासून असल्याचे त्यांनी सांगितले. दुसऱ्या सभासदांनी दुधाचा वास घेतला. पिण्यास नकार दिला. सेक्रेटरीने एक घोट घेतला. बाईंनी ठरावाविरुद्ध मत दिले. एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास. ठराव नामंजूर."

पुस्तक मिटून त्यांनी ते टेबलावर ठेवलं. भाऊजी पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे बघत होते. म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्यावर एवढा चिडलो होतो, वहिनी, की पंधरा दिवस बोललो नव्हतो. नावापुरत्या माणसावर कोणी एवढं चिडतं का?" मग स्वतःच हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमाल काढला. त्या स्वस्त रबराच्या वासापायी पुढे दुसऱ्या एका कारखान्याचा सगळा माल डेअरीनं परत केला होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढचं काम सेक्रेटरीसाहेबांनी पाच मिनिटांत केलं. चाकणच्या कंपनीला खरं कळवायचं आहे ना, मग दोन ओळी लिहा, म्हणाले. एक्कावन्न ह्यांचे, एकोणपन्नास तुमचे, रोजचा कारभार तुमचा, आणि ह्या नाही म्हणाल्या की नाही. हे सगळं एका नावात कोंबायला कोणी सांगितलंय? भाऊजींनी विचारलं, यानं काम हातचं जाणार नाही ना? ते म्हणाले, ते मला माहीत नाही, पण खोट सापडली म्हणून तरी जाणार नाही. सल्लागाराचा तो फॉर्म त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला. कागद फाडताना मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं. जाताना मी दाराशी त्यांचे आभार मानायला लागले, तर म्हणाले, सभा संपलीय आता, आणि स्कूटर सहाच्या आत पोचवायचीय.

कृतज्ञता ही गोष्ट माणसाला वेळेवर सुचत नाही. यजमानांनी मला शेअर दिले, ते अडचणीपोटी. भाऊजींनी कारखाना वाढवला, तो मायेपोटी. पण मी जे करत होते ते मदत नव्हती हे कोणालाच कळलं नव्हतं, मला तर नाहीच. आणि एक विक्षिप्त माणूस वर्षानुवर्षं आमचं हसू सहन करत, मी काय बोलले, काय नाकारलं, ते ओळीनं लिहून ठेवत होता. पंख्याचा आवाजसुद्धा त्यानं गाळला नाही. माझं म्हणणं इतक्या मन लावून आयुष्यात दुसऱ्या कोणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या यजमानांनीसुद्धा नाही, आणि ते फार चांगले होते.

काम आम्हाला मिळालं. पुढच्या वर्षी काकू गेल्या. फ्लॅट मुलीच्या नावावर झाला आणि सेक्रेटरीसाहेब तिच्याकडे नाशिकला राहायला गेले. आमचं काम आता एक हुशार, गोड बोलणारी मुलगी बघते, आणि सभा फोनवर होतात.

ते नाशिकला गेल्यानंतर काही महिन्यांनी चाकणहून एक तरुण अधिकारी कारखाना बघायला आला. सगळं पाहून झाल्यावर हात पुसत भाऊजींना म्हणाला, "सर, एक फॉर्मॅलिटी आहे. इथले ओनर कोण?" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाशी "मी आपली मदत करते" हेच येत होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "मी. आणि हे." त्यानं ते लिहून घेतलं. जगाच्या दृष्टीनं त्यात काही विशेष नव्हतं.

संध्याकाळी नाशिकला फोन लावून मी हे सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "मोठ्यानं सांगितलंत का?"

मी म्हटलं, नाही, हळूच.

"पुढच्या वेळी मोठ्यानं सांगा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढची वेळ काही आली नाही. आता सगळ्यांना माहीत झालं आहे, त्यामुळे कोणी विचारतच नाही. एकदा तरी कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि तेव्हा सेक्रेटरीसाहेब समोरच्या खुर्चीत हवे होते.